रुग्ण पुढे पाठवला, पण पुढे काय झाले ते कळत नाही: दुर्गम वस्त्यांमध्ये समन्वयाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

विखुरलेल्या 18 वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका लहान आरोग्य पथकाच्या समन्वयाची जबाबदारी गेल्या आठ महिन्यांपासून माझ्याकडे आहे. पथकात दोन परिचारिका आहेत, दर दोन-तीन वस्त्यांमागे एक आरोग्य कार्यकर्ती आहे आणि डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालय रस्ता चालू असताना चार तासांवर आहे. रस्ता बंद पडला की किती तास लागतील हे कोणालाच सांगता येत नाही. माणसे मनापासून काम करतात आणि औषधांचा पुरवठाही बहुतेक वेळा नीट असतो. तरीही रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्येच कुठेतरी निसटतो, आणि तो निसटला हे आम्हाला फार उशिरा कळते.

एक प्रसंग सांगतो. मधुमेह असलेले एक वयस्कर गृहस्थ पायाच्या जखमेसाठी मोठ्या रुग्णालयात नऊ दिवस दाखल होते. घरी परतताना त्यांना ग्लिमेपिराइडच्या, म्हणजे रक्तातली साखर कमी करणाऱ्या, गोळ्या मिळाल्या. हेच औषध आमच्या केंद्रातून त्यांना दोन वर्षांपासून मिळत होते, फक्त पाकिटावरचे कंपनीचे नाव निराळे होते आणि गोळीचा रंगही वेगळा होता. घरच्यांनी जुनी गोळी आणि नवी गोळी दोन्ही चालू ठेवल्या, कारण जुनी बंद करा असे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी पहाटे ते घामाने भिजून गेले आणि असंबद्ध बोलू लागले. कार्यकर्ती शेजारच्याच घरात राहते. त्यांना गिळता येत आहे याची खात्री करून तिने साखरेचे पाणी पाजले आणि तशीच त्यांना घेऊन केंद्रावर आली. ते वाचले. नंतर मी सगळे कागद समोर ठेवून पाहिले, तेव्हा लक्षात आले की नेमून दिलेल्या कामात कोणाचीही कसूर नव्हती. डिस्चार्ज कार्ड नीट लिहिलेले होते, आमच्या रजिस्टरमध्ये जुने औषध नीट नोंदवलेले होते, आणि हे दोन कागद एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर कधी आलेच नव्हते.

आता पथकात दोन मते आहेत. काही जण म्हणतात की प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप द्यावे, म्हणजे माहिती आपोआप सगळीकडे जाईल. दुसऱ्यांचे म्हणणे असे की त्याच पैशांत एक माणूस नेमावा आणि त्याने फक्त पाठपुरावा करावा. मला याहून आधीचा प्रश्न सतावतो: रुग्ण आमच्याकडून निघाला आणि रुग्णालयात पोहोचायचा आहे, किंवा तिथून निघाला आणि घरी यायचा आहे, या मधल्या काळात तो नेमका कोणाचा असतो? ज्यांनी अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

उत्तर 1

मी परिचारिका आहे आणि माझी 21 वर्षे अशाच केंद्रांमध्ये गेली आहेत. आपण सांगितलेला प्रसंग वाचताना माझ्या डोळ्यांसमोर निदान चार चेहरे आले. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते. समोरच्या माणसाने "रुग्ण माझ्याकडे पोहोचला, मी घेतला" असे तोंडाने किंवा लेखी कळवेपर्यंत तो पाठवणाऱ्याचाच असतो. निरोप आला नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असा आम्ही अनेक वर्षे धरत होतो, आणि त्या समजुतीची किंमत रुग्णांनी मोजली.

आमच्या केंद्रात आम्ही "पाठवलेल्यांची वही" ठेवतो. प्रत्येक नावापुढे तीन रकाने असतात: निघाला, पोहोचला, परतला. पहिला रकाना सगळीकडे भरलेला असतो. दुसरा भरायचा तर फोन करावा लागतो. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी छापलेलाच नसतो. आपण सुरुवात तिसऱ्यापासून करावी असे मी आग्रहाने सुचवीन, कारण रुग्णालयातून परतलेला माणूस सर्वात नाजूक अवस्थेत असतो आणि घरच्यांना मात्र वाटत असते की आता संकट टळले. रुग्ण परतल्याचे कळल्यापासून 48 तासांच्या आत आमची कार्यकर्ती किंवा मी त्याच्या घरी जाते. घरात असतील नसतील तेवढी सगळी औषधे, उशीखालची आणि डब्यातली सुद्धा, समोर मांडायला सांगते. कंपनीचे नाव बाजूला ठेवून मूळ औषधाचे नाव वाचते, डिस्चार्ज कार्डाशी ताडून पाहते आणि जे बंद करायचे ते रुग्णाच्या संमतीने पिशवीत घालून केंद्रावर आणते. या कामाला अर्धा तास लागतो. आपल्या त्या गृहस्थांच्या घरी पहिल्या दोन दिवसांत कोणी असे बसले असते तर चौथ्या दिवसाची पहाट तशी उजाडली नसती.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलण्याची ठरलेली वेळ. अलास्कामध्ये रस्ते नसलेल्या गावांत गावच्याच माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्य साहाय्यक म्हणून उभे करण्याची पद्धत 1950 च्या दशकातील क्षयरोगाच्या साथीतून वाढली आणि 1968 मध्ये तिला सरकारी आर्थिक आधार मिळाला. त्या साहाय्यकांचा विभागीय रुग्णालयातील डॉक्टरांशी रेडिओवरून नेमाने संवाद होत असे, आणि दोघांच्याही हातात एकच लेखी मार्गदर्शिका असल्यामुळे कोणती लक्षणे विचारायची आणि कोणत्या क्रमाने सांगायची हे आधीच ठरलेले असे. ऑस्ट्रेलियात 1928 मध्ये सुरू झालेल्या विमानातून डॉक्टर पाठवण्याच्या सेवेनेही असाच विचार केला होता. दूरच्या वस्त्यांवर ठेवलेल्या त्यांच्या औषधपेट्यांमधील प्रत्येक वस्तूला क्रमांक दिलेला असे, त्यामुळे रेडिओवर आवाज खरखरत असतानाही डॉक्टर "अमुक क्रमांकाचे औषध द्या" एवढे सांगू शकत आणि ऐकणाऱ्याला औषधाचे अवघड नाव समजून घ्यावे लागत नसे. मला या पेटीचे फार कौतुक वाटते. दोन टोकांच्या माणसांनी एकच यादी समोर ठेवून बोलायचे, यात समन्वयाचे अर्धे काम होऊन जाते.

आम्ही रोज दुपारी तीन वाजता वीस मिनिटे रुग्णालयाच्या वॉर्डातील एका नेमलेल्या परिचारिकेशी बोलतो. सांगण्यासारखे काही नसले तरी फोन होतो. तातडीच्या रुग्णासाठी अर्थातच तीन वाजेपर्यंत कोणी थांबत नाही. पण जे तातडीचे नसते आणि म्हणून कायमचे राहून जाते, ते या वीस मिनिटांत निघते: अमक्याचा टाका कधी काढायचा, तमकीचा तपासणीचा अहवाल आला का, उद्या सुटी मिळणाऱ्यांत आपल्या भागातले कोण आहे.

उत्तर 2

मी पलीकडच्या टोकाला, म्हणजे जिथे रुग्ण पाठवले जातात अशा रुग्णालयात, डॉक्टर म्हणून काम करतो. ताईंनी लिहिलेले सगळे मला मान्य आहे, पण आमच्याकडून निरोप का येत नाही याचे कारणही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. रात्री दोन वाजता रुग्ण येतो आणि त्याच्याबरोबरच्या चिठ्ठीवर एकच ओळ असते: "पुढील उपचारांसाठी पाठवत आहे." कोणी पाठवले, कोणत्या क्रमांकावर उत्तर द्यायचे, वाटेत काय दिले, यातले काहीही नसते. चिठ्ठीवर केंद्राचा शिक्का असतो, माणसाचे नाव नसते. शिक्क्याला फोन करता येत नाही. शिवाय आमच्याकडील कनिष्ठ डॉक्टर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे एकाशी जुळलेली ओळख दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

चिठ्ठीत काय असावे याचे एक उदाहरण देतो, कारण इथे चूक झाली तर जीव जातो. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले तर दुर्गम केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मोठी मात्रा देऊन रुग्णाला ताबडतोब पुढे पाठवावे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. ही मात्रा शिरेतून 4 ग्रॅम आणि दोन्ही नितंबांत मिळून 10 ग्रॅम अशी एकूण 14 ग्रॅमची असते. आता ती दिली आहे की नाही, पूर्ण दिली की अर्धी, आणि किती वाजता दिली, हे चिठ्ठीत नसेल तर माझ्यापुढे दोनच वाटा उरतात आणि दोन्ही वाईट आहेत. पुन्हा दिली तर औषध जास्त होऊन श्वास मंदावू शकतो, आणि दिली असेल असे समजून थांबलो तर पुन्हा झटका येऊ शकतो. औषध, मात्रा आणि वेळ हे तीन शब्द कागदावर नसले तर हाताच्या मनगटावर पेनाने लिहून पाठवा, पण पाठवा.

फोनवर सांगताना चार गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात: आत्ता काय झाले आहे, आधीची पार्श्वभूमी काय आहे, तुमच्या मते हे काय असावे आणि आमच्याकडून तुम्हाला काय हवे आहे. चौथी गोष्ट सांगायला आपल्याकडील परिचारिका आणि कार्यकर्ती संकोच करतात, डॉक्टरांना आपण कसे सांगायचे असे त्यांना वाटते. तो संकोच मोडणे ही आमच्या बाजूची जबाबदारी आहे. "मला रक्त तयार ठेवायला हवे आहे" हे वाक्य चार तास आधी ऐकले तर मी पुष्कळ काही करू शकतो, दारात ऐकले तर फार थोडे.

एका बाबतीत मात्र मी वेगळे सुचवतो. आमच्याकडून स्वतंत्र उत्तरपत्राची अपेक्षा ठेवू नका, ते पहिले दोन आठवडे लिहिले जाईल आणि मग बंद पडेल. त्याऐवजी डिस्चार्ज कार्डावरच दोन ओळी छापून घ्या: "आधीचे कोणते औषध बंद केले?" आणि "पुढची तपासणी कोणी, कधी करायची?" कार्ड आम्हाला लिहावेच लागते, त्यामुळे या दोन ओळीही भरल्या जातात. आमच्या रुग्णालयात हा बदल व्हायला दीड वर्ष लागले, त्यातले सव्वा वर्ष कोणाची परवानगी घ्यायची हे शोधण्यात गेले. तरीही तो झाला.

आता जरा व्यापक मुद्दा. लहान मुलांना तीव्र हिवताप झाला आणि रुग्णालय दूर असेल तर वाटेत धोका वाढू नये म्हणून गुदमार्गाने आर्टेसुनेट देऊन पुढे पाठवण्याचा उपाय आहे. औषध चांगले आहे. परंतु 2018 ते 2020 या काळात काँगो लोकशाही प्रजासत्ताक, नायजेरिया आणि युगांडा या देशांत ते प्रत्यक्ष व्यवस्थेत वापरून पाहिले तेव्हा अपेक्षेप्रमाणे जीव वाचल्याचे दिसले नाही, कारण औषध मिळालेली मुले पुढे रुग्णालयात पोहोचणे आणि तिथे पूर्ण उपचार मिळणे ही साखळीच जागोजागी तुटलेली होती. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाचा नवा विस्तार थांबवण्याचा सल्ला दिला आणि नंतरच्या मार्गदर्शनात पुढच्या उपचारांची खात्री असण्यावर भर दिला. आपल्या पथकातील वादाशी याचा थेट संबंध आहे. साखळीतील एकच दुवा, मग तो कितीही आधुनिक असो, मजबूत करून बाकीचे तसेच सोडले तर त्या एका दुव्याचाही उपयोग होत नाही.

आणि प्रत्येक रुग्ण पाठवायलाच हवा असे नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये एक पद्धत सुरू केली. हेपेटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या रुग्णांना विद्यापीठाच्या दवाखान्यात वेळ मिळायला अनेक महिने लागत, म्हणून त्यांनी ग्रामीण भागातील प्राथमिक डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणले आणि त्यांच्याच रुग्णांवर चर्चा करत करत त्यांना हे उपचार शिकवले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावपातळीवर उपचार घेतलेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण 58.2 टक्के आणि विद्यापीठाच्या दवाखान्यातले 57.5 टक्के निघाले. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, मानसिक आजार अशा दीर्घ आजारांत आठवड्याचा एक तास असा राखून ठेवला तर पुष्कळ रुग्णांचा चार तासांचा प्रवास वाचेल, आणि जो प्रवास होतच नाही त्यात कोणी निसटतही नाही.

उत्तर 3

मी आरोग्य नोंदींच्या संगणकीय व्यवस्थांवर काम करतो, त्यामुळे अ‍ॅपच्या बाजूने बोलेन अशी अपेक्षा असेल. माझे मत असे आहे की ताईंची तीन रकान्यांची वही किमान तीन महिने कागदावर चालवल्याशिवाय कोणतेही अ‍ॅप घेऊ नये. कागदावर जे काम कोणाचेच नाही ते पडद्यावरही कोणाचेच होत नाही, फक्त ते लाल रंगात दिसू लागते.

तीन महिन्यांत कळेल की कोणता रकाना कुठे रिकामा राहतो. त्यानंतर अ‍ॅप घ्यायचेच असेल तर मी दोन कसोट्या लावीन. पहिली, रेंज नसताना नोंद करता आली पाहिजे आणि रेंज आल्यावर ती आपोआप पुढे गेली पाहिजे. विक्रेत्याने दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर विसंबू नका, सर्वात दूरच्या वस्तीवर जाऊन दोन दिवस स्वतः वापरून पाहा. दुसरी, कार्यकर्तीला एकच गोष्ट दोनदा लिहावी लागता कामा नये. माता-बालसंगोपन, क्षयरोग, लसीकरण, असंसर्गजन्य आजार अशा प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा नमुना असतो आणि प्रत्येकाला वाटते की आपला तर एकच कागद आहे. ते सगळे कागद एकाच बाईच्या पिशवीत असतात.

माणूस ओळखण्याची अडचणही लहान नाही. एकाच वस्तीत एकाच नावाचे तीन जण असतात, वय अंदाजे सांगितले जाते, लग्नानंतर नाव बदलते. म्हणून रुग्णाजवळ राहील अशी एक छोटी पुस्तिका हाच मी सर्वात भरवशाचा दुवा मानतो. त्यात चालू औषधे मूळ नावांनी लिहिलेली असावीत आणि रुग्णाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वस्तीतला असो की रुग्णालयातला, त्याच पानावर लिहावे. पुस्तिका हरवते, भिजते, हे खरे आहे. तरीही रुग्ण जिथे जातो तिथे ती जाते, आणि हे कोणत्याही सर्व्हरबद्दल सांगता येत नाही.

गोपनीयतेबद्दल एक कळकळीची विनंती. सोयीसाठी सगळ्यांचा मिळून मोबाइलवर एक गट केला जातो आणि त्यात रुग्णांची नावे, अहवालांचे फोटो, कधी तर जखमांचे फोटो टाकले जातात. लहान वस्तीत एचआयव्ही, क्षयरोग किंवा गर्भपात यांची बातमी बाहेर गेली तर ती व्यक्ती पुन्हा उपचारांना येत नाही. गटात फक्त वहीतला अनुक्रमांक लिहावा आणि बाकी बोलणे फोनवर करावे.

उत्तर 4

मी वस्तीवरची आरोग्य कार्यकर्ती आहे, अकरा वर्षे हे काम करते आहे. वर सगळ्यांनी चांगले लिहिले आहे, पण रुग्ण निघाल्यानंतरचेच बोलणे चालले आहे. बहुतेक वेळा खरी वेळ जाते ती निघण्याच्या आधी.

प्रशिक्षणात आम्हाला तीन विलंब शिकवले होते; सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी 1994 मध्ये ती मांडणी केली असे पुढे वाचनात आले. उपचार घ्यायचे ठरवण्यात होणारा उशीर, पोहोचण्यात होणारा उशीर आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात होणारा उशीर. पहिला उशीर कसा असतो ते सांगते. बाईला कळा चालू आहेत, रक्त जास्त जाते आहे, मी पाठवायला सांगते. घरात चर्चा सुरू होते: बरोबर कोण जाणार, मागे लहान मुलांकडे आणि जनावरांकडे कोण बघणार, तिथे कोणी ओळखीचे आहे का, गेल्या वेळी कोणी गेले होते तेव्हा त्यांच्याशी कसे बोलले गेले. या प्रश्नांची उत्तरे नसली तर माझी चिठ्ठी घेऊन कोणी निघत नाही. म्हणून मी सातव्या महिन्यातच त्या घरी बसून हे सगळे ठरवून घेते. वाहन कोणाचे, सोबत कोण, मागे कोण, रक्त द्यायला कोण तयार आहे, हे कार्डाच्या मागच्या पानावर लिहिते. ज्यांच्या घरापासून रस्ता फार लांब आहे त्यांनी तारखेच्या आधीच रुग्णालयाजवळच्या प्रतीक्षागृहात जाऊन राहावे यासाठी प्रयत्न करते. अशी सोय आपल्या रुग्णालयाजवळ आहे का ते पाहावे, आणि असली तर तिथे लहान मुलाला बरोबर ठेवू देतात का हे अवश्य विचारावे, कारण दोन वर्षांचे मूल घरी सोडून कोणतीही आई पंधरा दिवस आधी जाऊन राहणार नाही.

रुग्णालयात आमच्या माणसांशी रागावून बोलले गेले की त्याचा परिणाम आम्हाला पुढची दोन वर्षे भोगावा लागतो. माझ्या एका वस्तीतल्या आजींना एका ठिकाणी "एवढे होईपर्यंत झोपला होता का?" असे सगळ्यांसमोर विचारले गेले. त्या सहा तास प्रवास करून पोहोचल्या होत्या. त्या घरातून त्यानंतर कोणीही पुढे जायला तयार झाले नाही, आणि माझा शब्दही तिथे आधीसारखा चालेनासा झाला.

शिवाय काही वेळा माणसे जातच नाहीत, हे धरूनच चालावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामात हेच दिसले होते. आजारी नवजात बाळाला रुग्णालयात न्यायला घरचे तयार नसत, तेव्हा प्रशिक्षित गावकरी बायांनी घरीच जाऊन बाळाची तपासणी केली, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक कमी झाले. हा अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. श्वास मोजायला आम्हालाही शिकवले आहे: 2 ते 11 महिन्यांच्या बाळाचा मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचा 40 किंवा त्याहून जास्त असेल तर तो जलद समजायचा. घड्याळ, शिक्षण आणि औषध हातात असेल तर आम्ही पुष्कळ काही वस्तीवरच करू शकतो.

आणि माणूस नेमायचा की अ‍ॅप, या वादात एक गोष्ट विसरू नये. वहीचा तिसरा रकाना भरायला, 48 तासांत घरी जायला, दुपारी फोनवर माहिती द्यायला शेवटी आम्हीच जाणार आहोत. हे काम आम्हाला आवडते. पण ते जुन्या कामावर वाढवून दिले आणि मोबदला तेवढाच ठेवला, तर कधीतरी कोणीतरी न जाताच रकाना भरेल, आणि मग त्या वहीवर कोणाला विश्वास ठेवता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कार्यकर्त्यांविषयी जे मार्गदर्शन दिले त्यात कामाच्या प्रमाणात मोबदला द्यावा आणि तो केवळ किंवा मुख्यतः कामगिरीच्या हिशेबावर ठेवू नये असे म्हटले आहे. आपल्या आराखड्यात ही ओळ पहिल्या पानावर यावी अशी माझी मागणी आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी काल पथकाच्या बैठकीत वाचून दाखवली. अ‍ॅपचा विषय आम्ही तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवला आहे. वहीत तीन रकाने आखले आहेत, आणि परतलेल्या रुग्णाच्या घरी जाण्याचा प्रवासखर्च व वेगळा मोबदला देण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागितली आहे. ती मंजूर होईपर्यंत या भेटी परिचारिका आणि मी वाटून घेणार आहोत, कार्यकर्तींवर टाकणार नाही. पुढच्या आठवड्यात मी स्वतः रुग्णालयात जाऊन डिस्चार्ज कार्डाच्या दोन ओळींबद्दल बोलणार आहे आणि बरोबर त्या गृहस्थांचे दोन्ही कागद नाव झाकून नेणार आहे.

ताईंना एक विचारायचे आहे. दुपारी तीनचा फोन करणारी व्यक्ती रजेवर गेली किंवा वॉर्डातील परिचारिका बदलली, तर ही पद्धत टिकते का? आमच्याकडे याआधी सुरू झालेल्या दोन चांगल्या गोष्टी एकेका माणसाच्या बदलीबरोबर बंद पडल्या.

उत्तर 1 कडून पुन्हा

आमचीही दोनदा बंद पडली होती. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा सात आठवडे कोणाच्या लक्षातही आले नाही. त्यानंतर आम्ही हे काम व्यक्तीच्या नावावर न ठेवता खुर्चीच्या नावावर ठेवले: वॉर्डात त्या दिवशी दुपारच्या पाळीला जी प्रमुख असेल तिने फोन घ्यायचा आणि आमच्याकडून केंद्रावर त्या दिवशी जी हजर असेल तिने करायचा. दोन्ही ठिकाणी यासाठी ठरलेला एकेक मोबाइल टेबलाच्या खणात असतो, कोणाच्या घरी जात नाही. बदली होऊन जाणाऱ्या परिचारिकेने नव्या परिचारिकेला बरोबर बसवून किमान तीन फोन करायचे, आणि मगच कार्यभार सोडायचा. नव्या परिचारिकेला वर्षातून एकदा आम्ही आमच्या एका वस्तीवर घेऊन जातो. रस्ता कुठे संपतो आणि पुढे किती चालावे लागते हे एकदा पायांना कळले की दुपारी कोणाला सुटी द्यायची आणि कोणाला सकाळच्या गाडीपर्यंत थांबवायचे, हे तिला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि त्या गृहस्थांच्या घरी अजून कोणी औषधे समोर मांडून पाहिली नसतील, तर पुढच्या आठवड्यातील बैठकीच्या आधी ते करावे. वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असते, त्यामुळे ठरलेली एकच मात्रा घेतली तरी साखर खाली जाऊ शकते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कळणारी रक्ताची तपासणी, केली आहे का, तेही त्या डिस्चार्ज कार्डावर पाहून घ्यावे.